पेरपेर्त्यूज की केरिब्यूस? फोटोतला किल्ला नेमका कोणता

दक्षिण फ्रान्समध्ये, ओद जिल्ह्यातल्या कोर्बिएर डोंगरांत, पेरपेर्त्यूज आणि केरिब्यूस हे दोन पडके किल्ले एकमेकांकडे बघत उभे आहेत. सरळ रेषेत अंतर सहा-सात किलोमीटर. दोन्ही चुनखडीच्या कातळावर, दोन्ही ‘कॅथार किल्ले’ म्हणून प्रसिद्ध. त्यामुळे एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर सर्रास खपतो.

ओळखायची खूण सोपी आहे. सुळक्याच्या टोकावर एकच दणकट बुरूज दिसला, की केरिब्यूस. कातळधारेवर लांबच लांब तटबंदी दिसली, आणि कातळ कुठे संपतो नि भिंत कुठे सुरू होते तेच कळेना, तर पेरपेर्त्यूज. केरिब्यूस ७२८ मीटर उंचीवर, पेरपेर्त्यूज ८०० मीटरच्या आसपास. पेरपेर्त्यूज या नावाचा अर्थच ‘भोक पडलेला खडक’.

‘कॅथार किल्ला’ हे नाव मात्र दोघांनाही नीट बसत नाही. कॅथार हा मध्ययुगातला, चर्चने पाखंडी ठरवलेला ख्रिस्ती पंथ; त्या पंथीयांनी हे किल्ले बांधले नव्हते. फार तर त्यांना इथे आसरा मिळाला. पेरपेर्त्यूज १२४० मध्ये फ्रेंच राजाच्या ताब्यात गेला. केरिब्यूस तग धरून राहिला आणि १२५५ मध्ये पडला, म्हणून कॅथारांचा शेवटचा आसरा हा मान त्याचा. मग १२५८ च्या कोर्बेय तहाने फ्रान्स आणि आरागॉन (आजच्या स्पेनमधलं तेव्हाचं राज्य) यांची सरहद्द इथूनच गेली, आणि दोन्ही ठिकाणी राजाची शिबंदी आली. आज आपण जे चढून बघतो, त्यातलं बरंचसं बांधकाम याच सरहद्दीच्या काळातलं. १६५९ मध्ये सरहद्द दक्षिणेला सरकली नि किल्ल्यांचं महत्त्व संपलं.

आता प्रत्यक्ष चढाईकडे. पेरपेर्त्यूजला वाहनतळ दक्षिणेला आणि दरवाजा उत्तरेला. त्यामुळे वाट आधी कड्याला वळसा घालून झाडीतून जाते, पंधरा-वीस मिनिटांची. इथे मुळं नि झिजून गुळगुळीत झालेले दगड आहेत. पाऊस पडून गेला असेल तर चपलेने येणारे हमखास घसरतात. आत खालचा किल्ला पूर्वेकडे जहाजाच्या नाळेसारखा निमुळता होत जातो. जुन्या बालेकिल्ल्याला खेटून सांत-मारी चर्च आहे. बरेच जण इथेच थकून परत फिरतात, आणि तिथेच फसतात. खरी मजा पश्चिमेच्या टोकाला: फ्रेंच राजा नवव्या लुईच्या नावाचा, कड्यालगत कातळात खोदलेला साठेक पायऱ्यांचा जिना, आणि वर सां-जोर्दी हा राजाने बांधलेला वरचा किल्ला. पायऱ्या उंचसखल, मधोमध झिजलेल्या. चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय शोधावा लागतो. कॅमेरा पिशवीत टाका, दोन्ही हात मोकळे ठेवा. सगळं बघायला किमान दोन तास हवेत.

केरिब्यूस उलट: आटोपशीर, पण उघडा. वाट छोटी, दहा-पंधरा मिनिटांची, तरी सगळी खड्या चढाची आणि झाडाचा आडोसा नाही. त्रामोंतान नावाचा वायव्येचा वारा सुटला, की इथे टोपी राहत नाही. लहान मुलांचा हात सोडू नका. एकावर एक तीन तटांमधून वर गेलं की बुरुजात ती प्रसिद्ध खांबाची खोली लागते. एकच गोल दगडी खांब, त्यातून ताडाच्या झावळ्यांसारख्या फुटलेल्या कमानी, आणि खांब खोलीच्या बरोबर मध्ये नाही. यावरून सूर्यपूजेच्या गूढ गोष्टी सांगितल्या जातात. आमच्या मते त्या सोडून द्याव्यात आणि झावळ्या बघाव्यात. वरच्या गच्चीवरून एका बाजूला पिरेनीज पर्वतातलं कानिगू शिखर, हवा स्वच्छ असेल तर दुसरीकडे भूमध्य समुद्र. तासा-दीड तासात सगळं होतं.

एकाच दिवशी दोन्ही करायचे तर पेरपेर्त्यूज सकाळी, ऊन तापायच्या आत. क्यूक्यून्यां गावात जेवण, आणि दुपार कलल्यावर केरिब्यूस. माणशी दीड लिटर पाणी खालूनच न्या. विजांचं वादळ आलं की किल्ले बंद करतात, आणि तिकीटविक्रीही किल्ला बंद व्हायच्या बऱ्याच आधी थांबते. एकच जमणार असेल आणि गुडघे कुरकुरत असतील तर केरिब्यूस. पाय धड असतील तर डोळे मिटून पेरपेर्त्यूज. सां-जोर्दीवर पोचलात की आग्नेयेला बघा: क्षितिजावर सुळक्याच्या टोकाला जो एकटा दात दिसतो, तो केरिब्यूस.