सहनिवास, सोसायटी आणि प्रवेशाची किंमत : नागपूरची पार्श्वभूमी

नागपुरात सहनिवासाची, म्हणजे आपापली घरे आणि काही सामायिक जागा ठेवून रहिवाशांनीच एकत्र चालवलेल्या वसाहतीची, कल्पना कोणी मांडली, की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे सोसायटीच ना?" प्रश्न चुकीचा नाही, पण या शहरात सोसायटी या शब्दाला वेगळा इतिहास चिकटलेला आहे. गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत अनेक गृहनिर्माण संस्थांनी शहराच्या कडेची शेतजमीन घेतली, तिचे लेआउट पाडले आणि सभासदांना भूखंड दिले. रजिस्ट्री झाली की सभासदत्व जवळपास संपत असे. मंजुरीवाचून राहिलेले असे लेआउट पुढे 572 आणि 1900 या त्यांच्या संख्येच्या आकड्यांनीच ओळखले जाऊ लागले. 2001 च्या गुंठेवारी (मंजुरीविना पाडलेले छोटे भूखंड) कायद्याने नियमितीकरणाचा मार्ग दिला, तरी 'आरएल' (नियमितीकरणाचे पत्र) हाती नसलेल्या भूखंडावर बँकेचे कर्ज मिळणे अवघडच राहिले. स्वस्त जमीन मिळाली ती ज्यांच्यापाशी रोकड होती त्यांनाच.

खरी गुंतागुंत सहकारी संस्थेच्या प्रकारात आहे. भाडेकरू मालकी प्रकारात जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे असते. भाडेकरू सहभागीदारी प्रकारात जमीन व इमारत दोन्ही संस्थेच्या असतात आणि सभासदाकडे भाग (शेअर) व वापराचा हक्क असतो. कागदावर पाहता दुसरा प्रकार सहनिवासाला अगदी जवळचा वाटतो, कारण घर बाजारातली वस्तू होऊ न देण्याची शक्यता त्यातच आहे. व्यवहारात मात्र सभासद आपला हक्क बाजारभावाने विकतो आणि संस्थेला हस्तांतरणापोटी मिळणारे अधिमूल्य (प्रीमियम) महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त 25,000 रुपये ठरलेले आहे. ही मर्यादा शासनाने 2001 साली घातली, तिला सबळ कारण होते, कारण काही व्यवस्थापक समित्या मनमानी रकमा मागत असत. पण त्याच निर्णयाने वाढलेल्या किमतीचा काही भाग संस्थेकडे राखून पुढच्या, कमी उत्पन्नाच्या सभासदाला प्रवेश सोपा करण्याची वाटही अरुंद केली. या दुसऱ्या परिणामाची चर्चा फारशी झाली नाही, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. पहिला सभासद कितीही कमी खर्चात आत आलेला असो, दुसऱ्याला बेसा किंवा मनीषनगर अशा शहरातील भागांचा चालू भावच मोजावा लागतो.

'परवडणारे घर' या शब्दाने गोंधळात भरच घातली. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत वार्षिक 3 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब दुर्बल घटकात आणि 6 लाखांपर्यंतचे अल्प उत्पन्न गटात गणले गेले. 2019 पासून वस्तू व सेवा कराच्या हिशेबात मात्र नागपूरसारख्या शहरात 90 चौरस मीटर चटई क्षेत्राचे, 45 लाखांपर्यंतचे घरही परवडणारेच ठरते. पहिल्या गटातील कुटुंबाच्या पंधरा वर्षांच्या संपूर्ण कमाईएवढी ही रक्कम आहे.

डेन्मार्कमध्ये 1972 साली उभी राहिलेली पहिली सहनिवासी वसाहतही खासगी मालकीच्या घरांचीच होती. इंग्लंडमधील लीड्स येथे 20 घरांच्या वसाहतीने निराळा मार्ग निवडला : सभासद निव्वळ उत्पन्नाच्या 35 टक्के रक्कम देतो, घरे संस्थेचीच राहतात. पण कर्जाचा हप्ता त्यातूनच भागवायचा असल्याने तिथेही घराच्या आकारानुसार किमान उत्पन्नाची अट आहेच. नागपुरात ऑटोचालक किंवा घरकाम करणाऱ्या बाईसमोर उत्पन्नाच्या आकड्याआधीच ते सिद्ध करणाऱ्या पगारपत्रकाची अडचण उभी राहते.