स्वनिर्मित आणि विकतची घड्याळयंत्रे : विश्वासार्हता

चावीच्या किंवा स्वयंचलित मनगटी घड्याळात डायलच्या मागे बसवलेल्या, स्प्रिंगच्या बळावर चालणाऱ्या संपूर्ण यंत्रणेला घड्याळयंत्र म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानांत तिलाच नुसते ‘मशीन’ म्हणण्याचा प्रघात आहे. डायलवर ज्या कंपनीचे नाव छापलेले असते तिनेच हे यंत्र आखून घडवले असल्यास ते स्वनिर्मित, आणि यंत्रे बनवून इतरांना पुरवणाऱ्या कारखान्याकडून घेतले असल्यास ते विकतचे, अशी ढोबळ विभागणी केली जाते. स्वनिर्मित यंत्राच्या घड्याळाची किंमत बहुधा जास्त असते आणि त्यामुळे ते अधिक भरवशाचेही असणार, असे ग्राहक धरून चालतो. किंमत जास्त का, याची कारणे सहज सांगता येतात. भरवशाबद्दल मात्र आजवरचा इतिहास वेगळेच सांगतो.

मुळात स्विस घड्याळउद्योग वाढला तोच कामाच्या वाटणीवर. जुरा पर्वतातल्या गावांत कोणी चाके कापत असे, कोणी चाकांच्या आसांना आधार देणारे खडे बसवत असे, कोणी काटे घडवत असे, आणि हे सारे एकत्र जुळवून त्यावर आपले नाव घालणारा व्यापारी निराळा असे. कच्ची, म्हणजे अजून पूर्ण न जुळवलेली, यंत्रे बनवणारे कारखाने १९२६ मध्ये ‘एबोश एस. ए.’ या कंपनीखाली एकत्र येऊ लागले, आणि पुढची कित्येक दशके नामांकित घराण्यांनीही बाहेरची यंत्रे कोणताही संकोच न बाळगता वापरली. रोलेक्सची यंत्रे बील येथील एग्लर या स्वतंत्र कारखान्यात बनत असत आणि तो कारखाना रोलेक्सने विकत घेतला तो थेट २००४ मध्ये. ओदेमार पिगेने १९७२ मध्ये ‘रॉयल ओक’ बाजारात आणले, तेव्हा त्यातले जेमतेम ३.०५ मिलिमीटर जाडीचे स्वयंचलित यंत्र जेगर-लकूल्त्रच्या ९२० या यंत्रावर बेतलेले होते; पाटेक फिलिप आणि व्हाशरों कॉन्स्टंटिन यांनीही तेच मूळ यंत्र वापरले, पण ज्यांनी ते घडवले त्या जेगर-लकूल्त्रने मात्र ते स्वतःच्या नावाच्या घड्याळात कधी बसवले नाही. अंतराळवीरांसाठी निवडल्या गेलेल्या ओमेगा ‘स्पीडमास्टर’मधले ३२१ हे यंत्र लेमानियाच्या आराखड्याचे. दोन्ही कंपन्या १९३२ पासून एकाच समूहात असल्याने ते घरचे म्हणावे की भावकीतले, हा वाद हवा तितका लांबवता येईल.

‘स्वनिर्मित’ या शब्दाला आजचे वजन आले ते एकविसाव्या शतकात. स्वॉच समूहाच्या मालकीची, ग्रेंचेन येथील ईटीए ही कंपनी स्विस उद्योगाची सर्वांत मोठी यंत्रपुरवठादार होती. कच्ची यंत्रे बाहेरच्यांना विकणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मनोदय या समूहाने २००२ मध्ये जाहीर केला. प्रकरण स्वित्झर्लंडच्या स्पर्धा आयोगाकडे गेले, २०१३ मध्ये तडजोड झाली आणि त्यानुसार २०१९ अखेरपर्यंत पुरवठा क्रमाने घटवायचे ठरले. या धास्तीने काही कंपन्यांनी स्वतःची यंत्रे आखायला घेतली, तर काहींनी ईटीएसाठी पूर्वी यंत्रे जुळवून देणाऱ्या ला शो-द-फों येथील सेलिटाकडे मोर्चा वळवला. थोडक्यात, पुरवठा हातात राहावा ही अनेक नव्या स्वनिर्मित यंत्रांमागची पहिली निकड होती. अभिमानाची भाषा जाहिरातींत मागाहून आली.

यंत्राचा भरवसा म्हणजे केवळ अचूक वेळ नव्हे. घड्याळ रोज किती पुढे जाते किंवा मागे पडते, ते मधेच बंद पडते का, आणि बंद पडल्यावर किती खर्चात व किती दिवसांत पूर्ववत होते, या सगळ्याचा त्यात समावेश होतो. स्विस क्रोनोमीटर परीक्षण संस्था यंत्राला पंधरा दिवस पाच स्थितींत, म्हणजे आडवे-उभे अशा पाच तऱ्हांनी ठेवून, व तीन तापमानांत तपासते, आणि दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसणाऱ्या यंत्राला प्रमाणपत्र देते. ही परीक्षा अचूकतेची असते. आठ वर्षांनी तेल सुकल्यावर त्या यंत्राचे काय होईल, हे तिच्यावरून कळत नाही.

ते कळते संख्येवरून आणि काळावरून. तासाला २८,८०० ठोके देणारे यंत्र वर्षभरात २५ कोटींहून अधिक ठोके देते, आणि आराखड्यातली एखादी बारीक चूक उघडी पडायला ते हजारो मनगटांवर अशी अनेक वर्षे चालावे लागते. ईटीएचे २८२४-२ हे विकतच्या यंत्राचे नमुनेदार उदाहरण होय : व्यास २५.६ मिलिमीटर, जाडी ४.६ मिलिमीटर, खडे २५, आणि पूर्ण चावीवर सुमारे ३८ तासांची चाल. ते निर्दोष मुळीच नाही. रोटरची, म्हणजे मनगटाच्या हालचालीने फिरून स्प्रिंगला चावी देणाऱ्या वजनाची, दोन्ही दिशांची गती एकाच दिशेत वळवणारी दोन छोटी चाके त्यात असतात. त्यांतले तेल सुकले की हाताने चावी देताना बोटांना जडपणा जाणवतो आणि रोटर आतल्या आत गरगर फिरू लागतो. पण हा दोष घड्याळजीला मागचे झाकण उघडण्याआधीच आवाजावरून ओळखता येतो, त्यावरचा उपाय ठरलेला असतो आणि सुटे भाग एकमेकांना चालतात. दोष माहीत असणे हाही विश्वासार्हतेचाच भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

विकतचे म्हणजे सगळे सारखे, असेही नाही. हेच २८२४-२ वेगवेगळ्या प्रतींत मिळते. साध्या प्रतीत दिवसाला सरासरी १२ सेकंदांचा फरक चालतो आणि ती दोन स्थितींत जुळवलेली असते. वरच्या प्रतीत हा फरक ४ सेकंदांवर येतो, ती पाच स्थितींत जुळवली जाते आणि तिची हेअरस्प्रिंगही, म्हणजे ठोक्यांचा ताल राखणारी बारीक स्प्रिंगही, अधिक चांगल्या मिश्रधातूची असते. स्वामित्वहक्काची मुदत संपल्यावर सेलिटाने याच आराखड्यावर एसडब्ल्यू २०० बनवले. त्याच्या सुरुवातीच्या नगांत चावी देण्याच्या साखळीतल्या एका चाकाचे दात तुटण्याच्या तक्रारी आल्या आणि नंतरच्या एसडब्ल्यू २००-१ मध्ये दातांचा आकार बदलण्यात आला. मुरलेल्या आराखड्याची नक्कलही आपली बाळदुखणी काढूनच मोठी होते.

नव्या स्वनिर्मित यंत्रांच्या बाबतीत ही बाळदुखणी ग्राहकाच्या मनगटावर निघतात. ओमेगाने १९९९ मध्ये ब्रिटिश घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स यांची ठोके देणाऱ्या अंगाची को-अ‍ॅक्सियल ही रचना २५०० या यंत्रात आणली. यंत्राचा पाया ईटीए २८९२चा, म्हणजे ओमेगाच्याच स्वॉच समूहातला आणि पारखलेला होता. नवे होते ते ठोके देणारे अंग. नेमके तेच पुन्हा पुन्हा सुधारावे लागले : पुढच्या आवृत्तीत ठोके तासाला २८,८०० वरून २५,२०० वर आणले गेले, आणि त्यानंतरच्या आवृत्तीत त्या भागाची रचनाच तीन थरांची झाली. याच्या उलट बाजूचे उदाहरण रोलेक्सचे आहे. ‘डेटोना’मध्ये १९८८ ते २००० या काळात झेनिथचे ‘एल प्रिमेरो’ हे यंत्र होते, पण रोलेक्सने ते जसेच्या तसे न घेता त्याचे ठोके ३६,००० वरून २८,८०० वर उतरवले आणि ठोक्यांगणिक मागेपुढे डुलणारे बॅलन्स व्हीलही बदलले. अशी बारा वर्षे दुसऱ्याच्या यंत्रावर काम केल्यानंतर आलेले ४१३० हे स्वतःचे यंत्र कमी भागांचे आणि दुरुस्तीला सोपे निघाले. स्वतः यंत्र बनवल्याचा फायदा कुठे दिसतो, तर तो अशा ठिकाणी; मात्र त्यासाठी पैसा, धीर आणि मोठे उत्पादन लागते, आणि वर्षाला थोडकी घड्याळे काढणाऱ्या कंपनीजवळ निदान तिसरी गोष्ट नसते.

शब्दाची व्याख्याही निसरडी आहे. टॅग ह्यूअरने २००९ मध्ये १८८७ हे यंत्र स्वतःचे म्हणून सादर केले आणि त्याचा मूळ आराखडा सेइकोकडून घेतल्याचे नंतर मान्य करावे लागले. ट्यूडर आणि ब्राइटलिंग २०१७ पासून यंत्रांची देवाणघेवाण करतात. एकाचे स्वनिर्मित ते दुसऱ्याचे विकतचे. शिवाय अनेक ‘स्वनिर्मित’ यंत्रांतली हेअरस्प्रिंग स्वॉच समूहातल्याच निव्हारॉक्सकडून येते. केसाएवढ्या जाडीची ही पट्टी घड्याळाची चाल ठरवते, आणि ती स्वतः बनवू शकणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत.

दुरुस्तीच्या बाबतीत विकतचे यंत्र सहसा सरस ठरते. स्वनिर्मित यंत्राचे सुटे भाग पुष्कळ कंपन्या केवळ अधिकृत सेवाकेंद्रांनाच देतात, त्यामुळे एक चाक झिजले तरी घड्याळ कंपनीकडेच पाठवावे लागते. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग चुंबकाला दाद देत नाही हा तिचा मोठा गुण. पण धातूच्या हेअरस्प्रिंगसारखी ती चिमट्याने सरळ करता येत नाही, ती तुटली की बदलावीच लागते.

भारतात या प्रश्नाचा पडताळा एचएमटीच्या घड्याळांत मिळतो. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला कारखाना सुरू झाला, म्हणजे यंत्र देशात घडलेले असले तरी आराखड्याचे मूळ जपानी होते. एचएमटीच्या ‘जनता’ या घड्याळाचे १७ खड्यांचे, तासाला १८,००० ठोक्यांचे चावीचे यंत्र नाजूक अचूकतेसाठी कधीच ओळखले गेले नाही. त्याचा लौकिक झाला तो तालुक्याच्या घड्याळजीलाही ते उघडता, धुता, तेल घालून पुन्हा जुळवता येत असे म्हणून. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि आता या यंत्राचे भाग जुन्या, बंद पडलेल्या घड्याळांतून काढले जातात. त्यामुळे आज बाजारात मिळणाऱ्या एखाद्या ‘जनता’त दोन-तीन घड्याळांचे अवयव एकत्र नांदत असतात आणि तरीही ती सकाळी चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत चालते.