घडीची सायकल, मुलांचा ट्रेलर आणि ती दुसरी वस्तू

घडीच्या सायकलला मुलांचा ट्रेलर जोडता येतो का, असं कुणी विचारलं की दोन उत्तरं ठरलेली. एक जण म्हणतो, बिनधास्त जोडा, आमची पोरं त्यातच वाढली. दुसरा म्हणतो, वेड लागलंय का, सीटपोस्टची, म्हणजे सीट ज्या नळीवर असते तिची, वाट लागेल. दोघंही खरं बोलतात, पण दोन वेगळ्या वस्तूंबद्दल. आणि विचारणारा बिचारा दोन्हींची सरासरी काढत बसतो.

पहिली वस्तू म्हणजे ट्रेलर. दोन चाकं, कापडी छत, आत पट्टे बांधून बसलेलं मूल. जर्मनी-नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांना सांगायलाच नको, रोज समोरून जातो. दुसरी म्हणजे टॅग-अलाँग, पुढचं चाक नसलेली अर्धी सायकल. तिच्यावर जरा मोठं, साधारण चार वर्षांपुढचं मूल बसतं आणि स्वतः पेडल मारतं. वय, किंमत, पावसात कोण भिजतं, हे फरक फोटो बघूनही कळतात. त्यात वेळ घालवत नाही.

खरा फरक जोड कुठे बसतो याचा आहे, आणि घडीच्या सायकलवर सगळं त्यावरच ठरतं.

ट्रेलरची दांडी मागच्या चाकाच्या ॲक्सलला, म्हणजे चाक ज्याभोवती फिरतं त्या मधल्या दांड्याला, डाव्या बाजूला लागते. फ्रेम आणि नट यांच्यामध्ये हिचची, म्हणजे जोडाची, छोटी पट्टी बसते, बस्स. वजन ट्रेलरच्या स्वतःच्या दोन चाकांवर असतं, जोडावर त्यातलं थोडंच येतं. सांधा सगळीकडे वळणारा असल्यामुळे तुम्ही वळणावर कललात तरी ट्रेलर सरळच राहतो. ओढ जमिनीलगत. ट्रॅक्टरला ट्रॉली खालीच जोडतात, ड्रायव्हरच्या सीटच्या उंचीवर नाही, त्यातलाच हा प्रकार.

टॅग-अलाँगला चाक एकच. ती स्वतःहून उभी राहूच शकत नाही, तिचा तोल तुमची सायकल सांभाळते, आणि बहुतेक मॉडेलांत तो जोड सीटपोस्टवर असतो. कुत्रा दिसला म्हणून पोरगी उजवीकडे वाकली की तो सगळा पीळ सीटपोस्टवर. साध्या सायकलचा सीटपोस्ट फ्रेमच्या बाहेर वीतभर असतो. घडीच्या सायकलचा हातभर, आणि तो धरून ठेवायला आवळणारा एकच क्लॅम्प, जो तुम्ही रोज उघडता-मिटता. गोल नळी गोल नळीत. तिथे पीळ दिला तर ती फिरणार नाही तर काय!

मापाचाही घोळ आहे. घडीच्या सायकलींच्या ब्रँडांपैकी डाहॉन आणि टर्नचा सीटपोस्ट सहसा ३३.९ मिमी जाड, त्यावर टॅग-अलाँगचा नेहमीचा क्लॅम्प चढतच नाही. ब्रॉम्प्टनचा ३१.८, त्यावर चढतो. मग लोक आनंदाने सांगतात, ‘आमचा बसला!’ या वाक्याची मला चीड आहे. बसला म्हणजे चालतो असं नाही. शिवाय क्लॅम्प लावल्यावर सीटपोस्ट खाली कसा सरकणार? ब्रॉम्प्टनची घडी तर सीटपोस्ट खाली गेल्यावरच लॉक होते. मग घडीच्या सायकलचे पैसे दिले कशाला?

थोडक्यात, घडीच्या सायकलला टॅग-अलाँग नको. ट्रेलर चालेल, पण डोळे उघडे ठेवून.

एक, उंची. २८ इंची चाकाचा ॲक्सल जमिनीपासून सुमारे ३४ सेंमीवर असतो, छोट्या चाकांच्या ब्रॉम्प्टनचा जेमतेम २१ सेंमीवर. म्हणजे ट्रेलरचं नाक खाली जातं आणि मूल पुढे सरकून पट्ट्यांवर लोंबतं. २० इंची चाकांच्या सायकलवर हा त्रास बराच कमी, म्हणून माझी पसंती तिलाच. मात्र डाहॉन-टर्नमध्ये घडी घातल्यावर पुढचं चाक मागच्या चाकाच्या डाव्या अंगालाच येऊन टेकतं, नेमकं हिचच्या जागी. तिथे रोज हिच काढावी लागेल.

दुसरी गोष्ट हब-गिअरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचे गिअर मागच्या चाकाच्या मधल्या डब्यात असतात त्यांच्यासाठी. ॲक्सल फिरू नये म्हणून फ्रेमच्या खाचेत अडकणारा एक वॉशर असतो. हिचला जागा होत नाही म्हणून काही बहाद्दर तोच काढून टाकतात. काढायचा नाही! ॲक्सल फिरला की गिअर बिघडतात, नट सैल होतो. हिच लावल्यावर नटाला पूर्ण आटे मिळत नसतील तर त्या सायकलला ट्रेलर लावू नका, नटाला अर्ध्या आट्यांवर लटकवू नका.

ब्रेक चांगले हवेत, चढावर सगळ्यात हलका गिअर, हे कुणीही सांगेल. जर्मनीत ट्रेलरमध्ये सात वर्षं पूर्ण होईपर्यंतची दोनच मुलं बसवता येतात आणि ओढणारा किमान १६ वर्षांचा लागतो.

आणि खरेदीआधी दोन्ही पुस्तिका उघडा. सायकलच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढायला परवानगी आहे का ते बघा, ट्रेलरच्या पुस्तिकेत चाकाचं किमान माप. एकीतही ‘नाही’ असेल तर दुकानदाराचं ‘काही होत नाही हो’ ऐकू नका.