उच्च रक्तदाब म्हणजे केवळ ‘टेन्शन’ नव्हे

उच्च रक्तदाब हा ‘टेन्शन’चा आजार असून मन शांत ठेवले की तो आपोआप उतरतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. तणावाने रक्तदाब काही काळ चढतो हे खरे. परंतु सुमारे ९० ते ९५ टक्के रुग्णांत आनुवंशिकता, वय, मीठ, वजन अशा अनेक गोष्टी मिळून तो वाढलेला असतो आणि एका कारणावर बोट ठेवता येत नाही. उरलेल्यांत मात्र ते सापडू शकते: मूत्रपिंडाचे विकार, झोपेत श्वास अडखळणे, किंवा नियमित घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या (ज्यांचा उल्लेख रुग्ण विचारल्याशिवाय क्वचितच करतात).

सर्वांत फसवी असते ती अधिवृक्क ग्रंथीतील (मूत्रपिंडाच्या वर असलेल्या अ‍ॅड्रेनल ग्रंथीतील) फिओक्रोमोसायटोमा ही दुर्मीळ गाठ. ती अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरके अधूनमधून रक्तात सोडते, त्यामुळे अचानक डोके ठणकते, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते आणि थोड्या वेळाने सारे निवळते. साहजिकच अशा झटक्यांना घबराट समजून सोडून दिले जाते. रक्तातील किंवा २४ तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन (या संप्रेरकांपासून शरीरात तयार होणारे घटक) तपासल्यास तिचा सुगावा लागतो. अर्थात ही तपासणी सरसकट सर्वांनी करण्याचे कारण नाही. असे झटके येत असतील, रक्तदाब फार लहान वयात वाढला असेल किंवा तीन औषधे घेऊनही उतरत नसेल, तर मात्र डॉक्टरांकडे दडलेल्या कारणाची विचारणा अवश्य करावी.