फ्यूज उडतो कधी, हे आधी विचारा

फ्यूज उडाला की आपल्याकडचा सल्ला ठरलेला असतो : "जरा जाड तार टाका, कटकट मिटेल." किटकॅट फ्यूजच्या जमान्यापासून हा उद्योग चालू आहे. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारे खटके, आले तरी सवय गेलेली नाही. खटका सारखा पडतो म्हणून दहाच्या जागी बत्तीसचा एमसीबी बसवून घेणारे लोक नाशकात कमी नाहीत. भिंतीतली वायर मात्र तीच राहते.

इंदिरानगरला राहणारा माझा भाचा इंग्लंडातली नोकरी संपवून परत आला, तो तिथला कॉम्प्युटर घेऊनच. केबलही तिथलीच, चौकोनी पिनांच्या प्लगची. त्या प्लगच्या पोटात फ्यूज असतो, आणि पावसाळा लागल्यापासून तो सारखा उडू लागला. एम. जी. रोडवर काचेचे फ्यूज हवे तेवढे मिळतात, पण या मापाचा चिनीमातीचा काही त्याला मिळाला नाही. मग कुणा शहाण्याने उडालेल्याच फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळून दिली. मी प्लग उघडला तेव्हा क्लिपपाशी प्लास्टिक तपकिरी पडून किंचित ओघळलं होतं. चांदी शाबूत होती, अर्थात! ती वितळायच्या आधी केबल पेटली असती.

प्लगमध्ये फ्यूज हा खास ब्रिटिश प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याचा तुटवडा होता. त्यामुळे तिथे घरभर एकच मोठी वायर गोल फिरवून तिच्यावर सगळे सॉकेट जोडायची पद्धत आली. त्या कड्याचं संरक्षण तीस-बत्तीस अँपिअरचं, आणि टेबललॅम्पची केबल तर सुतळीएवढी. म्हणून प्रत्येक केबलचा रखवालदार तिच्याच प्लगमध्ये बसवला. १९४७ मध्ये त्याचं मानक निघालं. आपल्या प्लगमध्ये फ्यूज नसतो, ते काम बोर्डावरचा एमसीबी करतो. दोन्हीकडे राखायची असते ती वायर. कॉम्प्युटर जळू नये म्हणून फ्यूज असतो, हा समज सोडून द्या.

आता हिशेब. ३०० वॅट खाणारा कॉम्प्युटर २३० व्होल्टवर जेमतेम दीड-दोन अँपिअर घेतो. प्लगमधला फ्यूज पाचचा. मग उडतो का? भाच्याची तक्रार होती, "मामा, कधी उडतो, कधी नाही. काही नेमच नाही." मला तर हेच वाक्य सगळ्यात कामाचं वाटलं.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यात, वीज शिरली की आधी चार डायोडचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा) पूल लागतो आणि मग वीज साठवणारा एक जाडजूड कपॅसिटर. बटण दाबायच्या क्षणी तो रिकामा असतो. रिकामी एसटी सीबीएसच्या फलाटाला लागल्यावर दारात जे होतं, तेच इथे होतं. पहिल्या क्षणी झुंबड, जागा भरल्या की सगळं शांत. आपली वीज २३० व्होल्टची म्हणतो, पण ती सरासरीसारखी संख्या आहे. लाट शिखरावर असते तेव्हा ३२५ व्होल्ट असतात. घरातल्या वायरिंगचा, फ्यूजचा आणि डायोडचा मिळून रोध १ ओहम धरला, तर त्या क्षणी ३२५ अँपिअर! काही सहस्रांश सेकंदच, पण दोन अँपिअरच्या यंत्रासाठी हा आकडा भलताच.

हा लोंढा अडवायला एसएमपीएसच्या दारात बटणाएवढी एक काळी किंवा हिरवी चकती बसवलेली असते. तिचं नाव एनटीसी थर्मिस्टर. हा सगळा लेख खरं तर मी तिच्यासाठीच लिहितोय. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, हे शाळेत शिकलेलो आहोत. ही चकती मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडची, आणि तिचं वागणं बरोबर उलटं. थंड असताना तिच्यातले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंपाशी अडकून असतात. उष्णता मिळाली की ते एका अणूवरून दुसऱ्यावर उड्या मारू लागतात आणि रोध धाडकन उतरतो. असा उलटा स्वभाव मायकेल फॅरेडेने १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. तेव्हा अर्धवाहक ही कल्पनाही जन्मली नव्हती.

थंड चकतीचा रोध ५ ओहम धरू. वायरिंगचा १ धरून एकूण ६, म्हणजे लोंढा ३२५ वरून ५४ अँपिअरवर आला. मग कॉम्प्युटर चालू राहतो, चकती शंभर अंशांच्या वर तापते, तिचा रोध एका ओहमच्याही खाली जातो आणि ती वाटेतून जवळजवळ बाजूला होते. कुठलं सर्किट नाही, प्रोग्रॅम नाही, हलणारा भाग नाही. नुसता पदार्थाचा गुण.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. ४०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरला की त्यात सुमारे २१ ज्यूल ऊर्जा साठते. तो भरताना वाटेतल्या रोधातही साधारण तेवढीच ऊर्जा उष्णता होऊन जाते, मग तो रोध लहान असो की मोठा! गणित करून पाहा, रोधाची संख्या उत्तरातून गळून जाते. म्हणजे २१ ज्यूलचा चटका कुणाला तरी सोसावाच लागतो. प्रश्न फक्त वाटणीचा. थंड चकती असेल तर सहापैकी पाच वाटे ती एकटी घेते. चकती तापलेली असेल तर जवळपास सगळा चटका वायर, डायोड आणि फ्यूजच्या माथी, म्हणजे फ्यूजच्या वाट्याला सुमारे सहापट.

आता पावसाळ्यातली नाशकातली संध्याकाळ आठवा. गंगापूर धरणाकडून ढग आले, वारा सुटला, लाईट गेली, दहा सेकंदांनी आली, पुन्हा गेली. कॉम्प्युटर बंद पडला तरी त्याचा स्टँडबाय भाग कपॅसिटर थोड्याच वेळात पिऊन टाकतो. चकतीला निवायला मात्र मिनिट-दीड मिनिट लागतं. मधल्या वेळात लाईट आली, की दारावर कुणीच नाही. त्यातून लाईट लाटेच्या नेमक्या कुठल्या बिंदूवर येते, हा नशिबाचा भाग. शून्यापाशी आली तर धक्का सौम्य, शिखरावर आली तर पुरा. शून्य ते शिखर हे अंतर एका सेकंदाच्या दोनशेव्या भागाचं. शिवाय दर धक्क्याला फ्यूजची तार तापून ताणते, निवून आखडते आणि दमत जाते. शेवटी एखाद्या किरकोळ धक्क्यालाही तुटते.

नेम नसण्याचं कारण एवढंच. पण नेम दिसला नाही की माणूस तिथी शोधतो. ताईने अमावास्येला कॉम्प्युटरवरून लिंबू उतरवून टाकलं होतं, आणि एका वास्तुवाल्याने टेबल आग्नेयेला हलवायला सांगितलं होतं. टेबल हलवताना चिरडलेली केबल सापडली तर फायदा होईलही! वीज वाचवतो म्हणून विकला जाणारा हिरव्या दिव्याचा डबा याच पंगतीतला. त्याच्या आत सहसा एक कपॅसिटर असतो, आणि घरगुती बिलात त्याने काही वाचत नाही.

फ्यूज नेहमी लाईट परत येतानाच उडत असेल, तर उपाय बिनखर्चाचा आहे. लाईट गेली की बोर्डावरचं बटण बंद करा आणि ती आल्यावर दोन मिनिटं थांबा. चांगल्या एसएमपीएसमध्ये चालू होताना 'टिक' असा आवाज येतो. तो एका रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या खटक्याचा. तो काम झालेल्या चकतीला बाजूला काढतो, त्यामुळे ती कायम थंड राहते.

बटण दाबताक्षणी दर वेळी उडत असेल तर गोष्ट वेगळी. केबल सीपीयूतून काढून नुसती सॉकेटला लावा. तरीही उडाला तर केबलच खराब, बहुधा टेबलाच्या पायाखाली चेंगरलेली किंवा उंदराने कुरतडलेली. तासाभराने उडत असेल तर प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर क्लिप सैल आहे. आणि फ्यूज शाबूत असून आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा खटका, पडत असेल तर वीज अर्थिंगकडे गळते आहे. तो निराळा आजार, त्याला फ्यूज बदलून काहीही होणार नाही.

भाच्याला मी प्लगसकट केबलच बदलायला लावली. आयएसआय छापाची, भारतीय तीन पिनांची. आता फ्यूज उरला तो एसएमपीएसच्या आत, बोर्डावर झाळलेला. तो उडाला आणि काच आतून काळी किंवा आरशासारखी झाली, तर आत डायोड नाहीतर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आहे असं समजा. नवा फ्यूज टाकला तर तोही जाईल. जाणता इलेक्ट्रिशियन १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावून बघतो. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट. डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट बसून असू शकतात. एसएमपीएस अख्खाच बदला.