इमॅक्सचा प्रोफायलर आणि 'मेमरी' हा शब्द: पार्श्वभूमी

इमॅक्स या एडिटरच्या मॅन्युअलमधलं प्रोफायलिंगचं, म्हणजे कोणता कोड किती वेळ नाहीतर मेमरी खातो ते मोजण्याचं पान सुधारायला घेतलं की आधी वाटतं दोन-चार ओळी वाढवल्या की झालं, पण दर वेळी गाडी एकाच शब्दापाशी अडते आणि तो शब्द म्हणजे मेमरी.

आधीचं थोडक्यात सांगतो. सी प्रोग्रामसाठी जीप्रोफ हा प्रोफायलर १९८२ पासून आहे आणि इमॅक्सचा सी मधला गाभा तसा मोजता येतो, पण रोज वापरणाऱ्याला त्रास होतो तो बहुतेक वेळा एलिस्पचा (इमॅक्समध्ये भर घालायची भाषा), म्हणजे कुठल्यातरी पॅकेजमधल्या नाहीतर स्वतःच लिहिलेल्या फंक्शनचा. त्यासाठी १९९४ मध्ये ईएलपी हे एलिस्प मोजायचं टूल लिहिलं गेलं. ते फंक्शनभोवती वेष्टन घालतं, आत शिरताना आणि बाहेर पडताना घड्याळ बघतं आणि शेवटी तीन आकडे देतं: किती वेळा बोलावलं, एकूण वेळ, सरासरी वेळ. काम चोख, फक्त संशय कोणावर आहे हे आधी आपल्याला माहीत पाहिजे. आणि त्याचं डॉक्युमेंटेशन बरीच वर्षं काय होतं तर एलिस्प मॅन्युअलच्या टिप्समध्ये एक ओळ, की प्रोग्राम ईएलपीने प्रोफाइल करा, सूचना त्याच्याच फाइलमध्ये आहेत. जाणत्याला हे चालून जातं, पण ज्याचा एडिटर टाइप करताना अडखळतोय आणि ज्याने आजवर फक्त कॉन्फिग फाइल लिहिलीय त्याला सोर्सच्या डोक्यावरची कॉमेंट वाचायला पाठवणं म्हणजे दारातूनच परत पाठवणं.

मार्च २०१३ मध्ये इमॅक्स २४.३ आलं आणि चित्र पालटलं, कारण त्यात सँपलिंगवाला प्रोफायलर होता. प्रोफायलर-स्टार्ट द्या, जे अडखळतंय ते करा, प्रोफायलर-रिपोर्ट द्या. डिफॉल्टला दर १ मिलिसेकंदाला तो बघतो की आत्ता कोणाचं काम चालू आहे, त्यामुळे संशयित आधी ठरवावा लागत नाही. मॅन्युअलमध्येही प्रोफायलिंगला स्वतःचं पान मिळालं आणि वादाचं वाक्य तिथेच बसलं. सुरू करताना सीपीयू, मेम (मेमरी) की दोन्ही असं विचारलं जातं, आणि पानावर होतं की प्रोसेसरच्या वापरानुसार, मेमरीच्या वापरानुसार किंवा दोन्हीनुसार प्रोफाइल करता येतं.

'मेमरीचा वापर' म्हटल्यावर माणूस काय समजणार? कोणी किती जागा अडवून ठेवलीय ते. प्रोफायलर ते सांगतच नाही. जागा मागितली जाते त्या क्षणी तो बोलावणाऱ्यांची साखळी टिपतो आणि तेवढे बाइट त्यांच्या नावावर लिहितो, आणि पुढे ती जागा मोकळी झाली तरी आकडा खाली येत नाही. म्हणजे लूपमध्ये मोठ्या स्ट्रिंग बनवून लगेच टाकून देणारं फंक्शन रिपोर्टच्या माथ्यावर बसणार, गार्बेज कलेक्शननंतर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी केल्यावर) त्यातलं काही शिल्लक नसलं तरी. उलट छोट्या कॉन्स सेल (एलिस्पच्या याद्या ज्यांनी बनतात ते तुकडे) मोकळ्या यादीतून परत वापरल्या तर त्यांची नोंदच होत नाही, आणि मेमरीचा नवा ब्लॉक घ्यायची वेळ ज्याच्यावर आली त्याच्या माथी अख्खा ब्लॉक. मेमरी लीक, म्हणजे घेतलेली पण कधीच मोकळी न होणारी जागा शोधायला हे टूल घेतलं तर माणूस हमखास भलत्याच वाटेने जातो आणि दोष मी त्याला अजिबात देणार नाही, पान तसंच लिहिलेलं होतं.

पुढे ते वाक्य बदललं. आता ठरावीक काळाने किंवा मेमरी घेतली जाते तेव्हा सँपल घेता येतं असं आहे आणि हे बरोबर आहे, फार गरजेचं होतं. पण बदलताना दोन्ही प्रकारच्या रिपोर्टना 'सीपीयूचा वापर' म्हटलं गेलं, आणि मेमचा रिपोर्ट उघडला तर वर कॉलमचं नाव ठळक 'बाइट्स'. पान एक बोलतं, रिपोर्टचा बफर दुसरंच दाखवतं. काहींचं म्हणणं असतं की मॅन्युअलने आतली यंत्रणा सांगत बसू नये, ज्याला खोलात जायचंय त्याने सोर्स वाचावा. मला हे पटत नाही, कारण आकड्याचा अर्थ ही आतली यंत्रणा नाही, रिपोर्ट वाचायचा तर तोच आधी लागतो.

असंच दुसरं दुखणं म्हणजे रिपोर्टमधली नुसती तीन टिंबांची ओळ. ती उघडली की खाली बऱ्याचदा 'ऑटोमॅटिक जीसी' निघतं, म्हणजे गार्बेज कलेक्शनमध्ये गेलेला वेळ. पण बोलावणाऱ्यांची साखळी डिफॉल्टला १६ पायऱ्यांपर्यंतच ठेवली जाते, त्यामुळे ज्याचं मूळ कापलं गेलं तेही त्याच टिंबांखाली येऊन पडतं, आणि १६ ची ही मर्यादा एका व्हेरिएबलने वाढवता येते. नवख्या माणसाला ती ओळ कचरा वाटते आणि तो ती सोडून देतो, आणि अडखळण्याचं कारण कित्येकदा नेमकं तिथेच असतं.