कोळशाची ग्रील शेगडी घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

दिवाळी झाली की आमच्या वर्कशॉपमध्ये गेट आणि खिडक्यांच्या कामांसोबत शेगड्यांची चौकशी सुरू होते. ज्वारी हुरड्यावर येते, पुण्या-मुंबईकडची पोरं सुटीत गावी येतात, पाहुणे मुक्कामाला असतात, आणि सांदवाडीत नाहीतर वावरात संध्याकाळी काहीतरी भाजायचं ठरतं. चौकशीला येणारा बहुतेक जण आधी विचारतो, "भाऊ, केवढ्याला पडते?" आमचं म्हणणं असं की आधी हे विचारावं : हिच्यात हवा कुठून शिरते आणि ती कमी-जास्त करता येते का? कोळसा हवेवर जळतो. हवा आवरता आली तर आच आवरता येते. ती आवरता आली नाही की कोंबडी वरून करपते आणि हाडाजवळ लालच राहते. शेगडी आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, पण पुढच्या गोष्टी पाहून घ्या.

भाजणार काय, ते आधी ठरवा

सळाकीवरचे तुकडे, पनीर, आलू, कांदा, मक्याचं कणीस एवढंच करायचं असेल तर उघडी लांबट शेगडी पुरते. तिची रुंदी आठ ते दहा इंच ठेवा, म्हणजे सळाक दोन्ही काठांवर टेकते आणि मांस थेट निखाऱ्यांवर येतं, मध्ये जाळीही लागत नाही. अख्खी कोंबडी, मटणाचा मोठा तुकडा किंवा भंडारा-गोंदियाकडच्या तलावातला दोन किलोचा रोहू करायचा असेल तर झाकण हवंच. भरताचं वांगं कोणत्याही शेगडीवर होतं. त्याला चार ठिकाणी टोचा, तेलाचा हात लावा आणि फिरवत राहा.

माणसांचा हिशेब असा : अठरा इंच व्यासाच्या गोल जाळीवर तीन-चार जणांचं एका वेळी होतं, बावीस इंचाच्या जाळीवर पाच-सहा जणांचं. घरात चार माणसं आणि वर्षातून एकदा चाळीस पाहुणे, म्हणून मोठी शेगडी घेऊ नका. मोठ्या शेगडीत थोडा कोळसा पसरतो आणि विझतो, म्हणून दर वेळी जास्तीचा कोळसा घालावा लागतो. आणि पन्नास माणसांचे रोडगे-पानगे करायचे असतील तर गोवऱ्यांचा आरच बरा. त्यासाठी आमच्या शेगडीवर पैसे घालू नका, असं आम्ही दुकानात आलेल्यालाही सांगतो.

झाकण आणि हवेच्या झडपा

झाकणाची गोल शेगडी अमेरिकेत शिकागोकडे वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाच्या पत्राकामाच्या कारखान्यात जन्मली. तिथं काम करणारे जॉर्ज स्टीफन उघड्या शेगडीवरच्या वाऱ्याला कंटाळले होते. 1952 मध्ये त्यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा लोखंडी गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला सुचलेली ही गोष्ट आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो. आजही जगभर झाकणाच्या गोल शेगड्या याच बेताने बनतात.

झाकण ठेवलं की गरम हवा आत फिरते आणि जिन्नस चारही बाजूंनी शिजतो. बुडाशी एक झडप आणि झाकणावर एक झडप, अशा दोन झडपा लागतात. खालून हवा शिरते, वरून धूर जातो. आच मुख्यतः खालच्या झडपेने कमी-जास्त करा, वरची निदान अर्धी उघडी असू द्या. वरची पूर्ण बंद केली की धूर आत कोंडतो आणि मांसाला कडवट, काजळीची चव येते. काम झाल्यावर मात्र दोन्ही बंद करा. कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी कामाला येतो.

घेताना झडप हाताने फिरवून पाहा. ती नुसती लटकत असेल तर हवा आवरणार नाही, आणि फार घट्ट असेल तर पहिल्याच पावसाळ्यात गंजून जाम होईल. झाकण कडेला चांगलं बसतं का, हेही पाहा. बोट जाईल एवढी फट असेल तर झडपांचा काही उपयोग नाही.

पत्रा, सळी आणि टाका

पैसा इथे घाला, रंगरूप आणि चाकांवर नको. आम्ही 16 गेजपेक्षा पातळ पत्रा वापरत नाही. 16 गेज म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर. बाजारातल्या हलक्या शेगड्या 20 गेजच्या, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्र्याच्या असतात. 16 गेजचा एक चौरस मीटर पत्रा साडेबारा किलोच्या आसपास भरतो, 20 गेजचा सातच्या आसपास. म्हणून दोन दुकानांत एकाच मापाच्या शेगड्या दिसल्या तर दोन्ही काट्यावर ठेवायला सांगा. पातळ पत्रा तापला की वाकतो, झाकण बसेनासं होतं, आणि तळ पापुद्रे सुटत सुटत शेवटी भोक पाडतो.

तळ लवकर जाण्याचं दुसरं कारण म्हणजे कोळसा थेट पत्र्यावर टाकला जातो. चांगल्या शेगडीत दोन जाळ्या असतात : खाली कोळशाची, वर अन्नाची. कोळशाच्या जाळीखाली दोन-तीन इंच मोकळी जागा हवी, म्हणजे राख खाली पडते आणि हवा निखाऱ्यांच्या पोटातून वर येते. कोळशाची जाळी तीन सूत सळीची घ्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सगळ्यात जास्त आच तिलाच लागते, दोन सूतची सळी तिथं काही दिवसांत पाळण्यासारखी झोळ धरते. अन्नाच्या जाळीला दोन सूत पुरे. दोन सळ्यांत अर्धा इंच अंतर ठेवलं तर तुकडे खाली पडत नाहीत. दोन जाळ्यांमध्ये चार ते सहा इंच अंतर हवं. आमच्या शेगडीत वरची जाळी दोन खाचांवर बसते, म्हणून ते कमी-जास्त करता येतं.

आता जाळी उलटी करून टाक्यांवरून अंगठा फिरवा. वेल्डिंगची खपली टाक्यावर तशीच राहिली असेल तर ती आचेने सुटते आणि अन्नात जाते. प्रत्येक टाका खालच्या अंगाला असावा, हातोडीने ठोकून आणि ग्राइंडरने घासून साफ केलेला असावा. या कामाला वेळ लागतो, म्हणून घाईच्या मालात ते राहून जातं.

स्टेनलेस स्टीलबद्दल नेहमी विचारणा होते. अख्खी शेगडी स्टीलची करायची गरज नाही, फक्त वरची जाळी स्टीलची केली तरी घासायला सोपी पडते. ती 304 ग्रेडची घ्या. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. काही जण खिशात चुंबक घेऊन येतात. पण 202 ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही आणि ते 304 पेक्षा लवकर गंजतं, त्यामुळे चुंबकावरून दोन्हीतला फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. बिडाची जाळी आच छान धरते, पण जड असते, फरशीवर पडली की तडकते.

यांची शेगडी करून मागू नका

जुन्या कुलरची टाकी किंवा पत्रा घेऊन लोक येतात. विदर्भात घरोघरी मोडका कुलर पडलेला असतो, त्यामुळे हे साहजिक आहे. पण तो पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जीआय असतो. जस्त 420 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि निखारे त्याहून कितीतरी जास्त तापतात. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो, मळमळतं, आणि अन्न त्याच धुरावर शिजत असतं. जीआय पत्रा आणि जीआय पाइप, दोन्ही शेगडीला वर्ज्य.

तसाच 200 लिटरचा लोखंडी ड्रम. आत काय भरलेलं होतं हे पक्कं ठाऊक नसेल तर तो कापू नका. रसायनाचा, रंगाचा, फवारणीच्या औषधाचा ड्रम तर कितीही धुतला तरी नाहीच. आतला लेप आणि उरलेलं औषध आचेने धुरात उतरतं, आणि कापताना आत साचलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. असे ड्रम आम्ही कापून देत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन परत गेलं तरी चालेल.

कोळसा कोणता

वणी, घुग्घुस, भद्रावती, बल्लारपूर, उमरेडकडच्या ग्राहकांना हे कळकळीने सांगायचं आहे : दगडी कोळसा ग्रीलमध्ये घालू नका. खाणीच्या पट्ट्यात तो सहज मिळतो आणि कित्येक घरांनी त्याच्या सिगडीवर वर्षानुवर्षं पाणी तापवलं आहे. पण झाकलेल्या भांड्यात पाणी तापवणं वेगळं आणि उघडं मांस त्याच्या धुरावर धरणं वेगळं. त्यात गंधक असतं, डांबरासारखा चिकट धूर निघतो, आणि तो सगळा अन्नावर बसतो. ग्रीलला लाकडाचाच कोळसा हवा.

लाकडी कोळशात बाभळीचा आम्हाला सगळ्यात पसंत. जड, टिकाऊ, आच एकसारखी. पारखायचा कसा? दोन तुकडे एकमेकांवर वाजवा. पक्का भाजलेला कोळसा खणखणतो, अर्धवट भाजलेला थप्प वाजतो. तुकडा मोडल्यावर आत तपकिरी लाकूड दिसलं तर तो धूर करणार. चुंगडीच्या तळाशी किती भुकटी आहे तेही पाहा, ती हवेची वाट बुजवते. कोळसा ओल धरतो आणि ओला कोळसा पेटताना तडतडून ठिणग्या उडवतो, म्हणून पावसाळ्यात तो झाकणाच्या डब्यात ठेवा.

सोयाबीनचं कुटार, पऱ्हाटी दाबून केलेल्या कांड्या 'पांढरा कोळसा' म्हणून मिळतात. त्या बॉयलरसाठी आहेत. तो कोळसा नाहीच, दाबलेला काडीकचरा आहे. ग्रीलमध्ये नुसता धूर होईल.

पेटवणं

रॉकेल, पेट्रोल, डिझेल काहीही ओतू नका. वास अन्नाला लागतो आणि भडक्याने तोंड-हात भाजतात. शेगडीसोबत आम्ही पत्र्याचं एक नळकांडं देतो. खाली कागदाचे दोन बोळे, वर कोळसा, आणि काडी लावायची. हवा खालून ओढली जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांवर पांढरी राख चढते. तेव्हाच ते शेगडीत ओता. दीड-दोन किलो चिकनला सव्वा ते दीड किलो कोळसा लागतो. तुराट्या घेतल्या तरी चालतील, मात्र त्या पूर्ण जळून ज्वाळा बसल्याशिवाय जाळीवर काही ठेवू नका.

निखारे सगळीकडे सारखे पसरू नका. एका बाजूला ढीग करा, दुसरी बाजू मोकळी ठेवा. तुकडे आधी निखाऱ्यांवर लाल करून घ्या, मग मोकळ्या बाजूला सरकवून झाकण ठेवा. तेल टपकून भडका उडाला तरी हेच करा. पाणी मारलं तर राख उडून अन्नावर बसते. आच पाहायला तळहात जाळीपासून चार-पाच इंचांवर धरा आणि मोजा. दोन-तीन आकड्यांत हात ओढावा लागला तर आच कडक, पाच-सहापर्यंत टिकला तर मध्यम. चिकनला मध्यम. तुकड्याच्या आत 74 अंश सेल्सिअस व्हायला हवं. थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ चीर देऊन पाहा, गुलाबी दिसलं तर अजून ठेवा.

जागा : हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. धूर दिसत नाही म्हणून शेगडी निर्धोक झाली असं होत नाही, निखारे फुललेले असतानाही हा धोका असतो. म्हणून ती घरात, बंद व्हरांड्यात, टिनाच्या शेडमध्ये लावू नका. पुस-माघाच्या थंडीत जेवणं झाली की उरलेले निखारे ऊब म्हणून झोपायच्या खोलीत नेण्याची सवय अनेक घरांत आहे. कृपा करून असं करू नका. झोपेत कळतही नाही आणि माणूस उठत नाही. खिडकी किलकिली ठेवल्याने भागत नाही.

दुसरी काळजी आपल्या भागाची. शेगड्यांचा हंगाम आणि कापूस घरात येण्याचा हंगाम एकच. पडवीत कापसाचा ढीग, मागे कडब्याची गंजी, बाजूला कुटार. एक ठिणगी सगळ्या वर्षाची कमाई नेऊ शकते. शेगडी यांपासून निदान तीस फूट लांब ठेवा, वारा गंजीकडे वाहत असेल तर त्या दिवशी लावूच नका, आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवा. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा, पूर्ण गार झाल्यावरच टाका. लाकडी कोळशाची राख परसातल्या भाजीला थोडी चालते. काळी जमीन आधीच विम्ल (अल्कधर्मी) असते आणि राखही तशीच, म्हणून जास्त नको.

नवी शेगडी घरी नेल्यावर

पहिल्यांदा अन्न न ठेवता तासभर कोळसा पेटवा. पत्र्यावरचं मशीनचं तेल जळून जाऊ द्या. आम्ही आतून रंग देत नाही, बाहेरून आच सोसणारा काळा रंग असतो, तोही या वेळी पक्का होतो. मग जाळी कोमट असताना तिला जवसाच्या तेलाचा पातळ हात लावा आणि पुन्हा तापवा. असं दोन-तीनदा करा. जवसाचं तेल तापून वाळलं की त्याचा कडक थर बसतो, लोखंड गंजत नाही आणि मासा चिकटत नाही. शिवाय जवस आपल्याकडेच पिकतं. दर वेळी वापरून झालं की जाळी गरम असतानाच तारेच्या ब्रशने घासा आणि ब्रशची तुटलेली तार मागे राहिली नाही ना, ते फडक्याने पुसून पाहा. पावसाळ्यात राख आत ठेवू नका. ओली राख पत्रा खाते.

माप देताना

उभं राहून करणार असाल तर जाळी जमिनीपासून बत्तीस इंचांवर ठेवतो, पाटावर बसून करणार असाल तर चौदा इंचांवर. घरी मुख्यतः कोण भाजणार, त्यांनाच सोबत आणलं तर उंची तिथल्या तिथे ठरते. कोळशाची जाळी ही झिजणारीच वस्तू आहे. ती बदलायला येताना जुनी जाळी घेऊन या, तिच्या मापावर नवी बसवून देऊ. जुन्या लोखंडाचं वजन करून तेवढे पैसे बिलातून वळते करतो.